नवीन हेअरस्टायलिस्ट: हक्काची गिऱ्हाइकं कशी जोडलीत?

कोर्स संपवून सलॉनमध्ये लागले त्याला तीन महिने झाले. जुन्या सहकाऱ्यांच्या डायऱ्या भरलेल्या असतात, माझी खुर्ची मात्र दुपारभर रिकामी. कट, कलर, ब्लो-ड्राय सगळं शिकवलं, माणसं कशी टिकवायची ते कुणी शिकवलं नाही. तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं? चुकलं असेल तेही लिहा.

*

माझी चूक सांगते, कारण ती मला अजून टोचते. एका बाईंना विचारलं, "केसांना कलर करता का?" त्या म्हणाल्या, "कधीच नाही." मी ब्राउन शेड लावली. मुळांशी छान आली, खाली टोकं मात्र काळीच्या काळी. मग कळलं की दीड वर्षापूर्वी त्या केसांना काळी मेंदी लावायच्या. त्यांच्या लेखी तो कलर नव्हताच! केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. पाठीपर्यंत केस असतील तर दीड वर्षापूर्वीचं सगळं टोकांना शाबूत असतं. आणि रंगावर रंग लावून आधीचा उतरत नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता मी "दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलंत?" असं विचारते आणि मेंदी, घरचा डाय, स्ट्रेटनिंग एकेक नाव घेते. शंका आली तर आतली एक बट घेऊन तिच्यावर आधी करून बघते. कलरआधी ४८ तास पॅच टेस्टही (थोडा कलर त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं) करतेच. "आजच करा" म्हणून हटून बसलेल्या एका मुलीला मी नाही म्हटलं, मालकीणबाई नाराज झाल्या. ती मुलगी दोन दिवसांनी आली, आणि पुढच्या वेळी आईलाही घेऊन आली.

*

ऑफर लावू नका. सवलतीसाठी आलेले पुढच्या सवलतीला दुसरीकडे गेले. माझे सहा महिने त्यात वाया गेले.

*

मी जेन्ट्स कट जास्त करतो. सुरुवातीला गिऱ्हाईक बसलं की लगेच पाणी मारायचो. एकाच्या मानेवर डाव्या बाजूला भोवरा होता. ओले केस चापून बसलेले, मी सरळ रेषेत कापले. वाळल्यावर तेवढाच झुबका उभा राहिला. तेव्हापासून आधी कोरडे केस बघतो, मानेवरून उलटा हात फिरवतो, कुठून कसे उगवतात ते समजून घेतो. कुरळ्यांना तर हे हवंच, वाळले की चांगलेच आखडतात. ही दोन मिनिटं गिऱ्हाइकाला जाणवतात. "आजवर कुणी असं बघितलं नव्हतं," हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय.

*

मी गिऱ्हाइकांची एक वही ठेवली. नाव, कलरचा नंबर, कलरमध्ये मिसळायचा डेव्हलपर किती टक्के, किती मिनिटं ठेवला, आणि गप्पांतलं एखादं वाक्य: 'मुलीची परीक्षा', 'कपाळ झाकायचंय'. पुढच्या वेळी ते आठवणीने विचारलं की माणूस मोकळा होतो. निघताना "या परत" म्हणणंही सोडलं. "कानामागचा आकार पाच-सहा आठवड्यांत सुटेल, त्याआधीची तारीख लिहून ठेवू का?" असं विचारते. बहुतेक जणी हो म्हणतात.

*

धागा काढणारी मीच. वही आजच आणली. एक विचारायचंय: तारीख न देता गेलेल्यांना आपणहून फोन केला तर मागे लागल्यासारखं वाटतं का?

*

वहीवाली मीच. फोन नको, मेसेज कर. तोही सगळ्यांना एकच नको. "कपाळावरची फ्रिंज आता डोळ्यांवर यायला लागली असेल, शुक्रवारी सकाळी मोकळी आहे" एवढंच. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नकोस.