जुन्या घराची मोजणी केली, पुढे तिचा उपयोग काय?

प्रश्न (वास्तुकलेची विद्यार्थिनी, फोंडा)
नमस्कार. मागच्या सत्रात आमच्या गटाने गावातल्या एका जुन्या घराची मोजणी केली. ओसरी, राजांगण म्हणजे घराच्या मधला उघडा चौक, भोवतालची पडवी, मंगळुरी कौलांचे छप्पर, सारे बारकाईने कागदावर उतरवले. या सत्रात मात्र सपाट स्लॅबची आणि काचेच्या दर्शनी भागाची इमारत रेखाटायची आहे, आणि त्या मोजणीचा हिच्याशी काही संबंध असावा असे कुणी सुचवलेलेही नाही. चार मजली सदनिकांच्या काळात पारंपरिक घरबांधणी केवळ इतिहासाच्या पेपरापुरती उरते का?

उत्तर (वास्तुविशारद, म्हापसा)
मुळीच नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. खोल वळचणीमुळे भिंत कोरडी राहते, आणि पाऊस आत येत नसेल तरच आषाढातही खिडकी उघडी ठेवून घरात वारा खेळवता येतो. वळचण छाटली की खिडकी बंद होते, आणि मग एसीवाचून गत्यंतर उरत नाही. मजले चार असले तरी खिडकीवरचा रुंद छज्जा आणि वरून उघडा, झाकलेला नसलेला चौक हेच काम करतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी पणजीत उभारलेली कला अकादमीची इमारत अवश्य पाहा. जुन्या घरांसारखा चिरा, म्हणजे जांभा दगड, तिथेही आहे, पण कौलारू घराची नक्कल नाही. सावलीतून थेट मांडवीकडे जाणारी मोकळी वाट आहे.

उत्तर (चिरेकामाचा ठेकेदार, डिचोली)
खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो; मात्र तो सच्छिद्रच राहतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा करून प्लॅस्टिक पेंट दिला, की ओल आतच कोंडते, काही पावसाळ्यांत जोत्याजवळ रंगाचे फुगे धरतात आणि बोट लावताच भुकटी गळते. दोष मात्र चिऱ्याला दिला जातो. साइटवर येणाऱ्या मुलामुलींचे आराखडे उत्तम असतात, पण चुना कसा भिजवतात हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. थोडे दिवस तरी गवंड्याच्या हाताखाली काम करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, मडगाव)
वरील दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत, तरी एक सावधगिरी हवी. त्या घरांची मांडणी मोठ्या एकत्र कुटुंबासाठी आणि सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांसाठी झालेली होती. स्वयंपाकघर मागच्या काळोखात का, याचे उत्तर हवामानात सापडत नाही. तेवढ्या लांबीचे सागवानी वासेही आज सहज मिळत नाहीत. म्हणून रूप उचलण्यापेक्षा त्यामागचे कारण तपासावे, आणि हे इतिहासाच्या तासाला न होता डिझाइनच्या स्टुडिओत व्हावे, असे मी शिकवत असतानाही आग्रहाने मांडत आले. तुमच्या मोजणीतला राजांगणातून जाणारा छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर आत काय दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र, घ्या, त्यावर पाऊस, वारा आणि ओल यांच्या वाटा वेगवेगळ्या रंगांनी दाखवा, आणि तो कागद नव्या इमारतीच्या छेदाशेजारी लावून ज्यूरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, ठेवा.