रोजच्या वापराचा व्हिडिओ कॅमेरा: हातपट्ट्याचा जुना डबा अजून चालेल का?

पट्टेवाला

दोन महिने घरात वाद चाललाय. रोजच्या वापराला छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय. भाचा म्हणतो गिंबलवाला (मोटरींवर डोकं स्थिर ठेवणारा) घे, बायको म्हणते फोन काय वाईट आहे. मी मात्र आडव्या डब्यासारखा, उजव्या हाताला पट्टा असलेला साधा कॅमकॉर्डर घ्यावा या मताचा आहे. शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय.

आधी माझा "रोजचा वापर" सांगतो, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या वापरावर बोलत बसेल. मुलगी पोहायला जाते, ती तलावाच्या पलीकडच्या टोकाला आणि मी अलीकडे. शाळेचं नाटक, चाळीस-पन्नास मिनिटांचं. आणि आजोबा जेवणानंतर जुन्या गोष्टी सांगतात ते.

पहिल्या दोन्हींना झूम लागतो, आणि खरा झूम लागतो. सोनीचा सीएक्स४०५ घ्या. अगदी खालच्या रांगेतला कॅमेरा, पण ३० पट ऑप्टिकल, म्हणजे लेन्सच्या काचांनी होणारा झूम. फुल फ्रेमच्या (मोठ्या कॅमेऱ्यांच्या मापाच्या) हिशोबात २६.८ पासून ८०४ मिमीपर्यंत; आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. फोनमधली ५ पटीची टेलिलेन्स त्याच हिशोबात १२० मिमीच्या आसपास थांबते, पुढचं सगळं चित्र ताणून मोठं केलेलं. बॅटरी काढता येते, संपली की दुसरी. स्क्रीन उघडली की कॅमेरा चालू, मिटली की बंद. फोन येऊन शूटिंग मध्येच तुटत नाही.

४के नाही, हे मला माहीत आहे. अडीच-तीन मीटरवरून मध्यम आकाराचा टीव्ही बघणाऱ्याला १०८० आणि ४के यांतला फरक ओळखून दाखवायला सांगा, मग बोलू.

खिशात_मावेल

पूर्ण असहमत. तुमच्यासारखाच डबा आमच्याही कपाटात आहे. त्यातलं शेवटचं शूटिंग कधीचं, हे बघायला कार्ड संगणकात घातलं. फाइल शोधायची तर आधी "प्रायव्हेट" नावाचा फोल्डर, त्यात "एव्हीसीएचडी", त्यात "बीडीएमव्ही", त्यात "स्ट्रीम", आणि तिथे कुठे पाच आकडी नावांच्या फाइलींची रांग. कोणती कशाची, काही पत्ता नाही. घरातल्या कोणीही ते शूटिंग पाहिलेलं नव्हतं. शूट करणाऱ्यानेसुद्धा नाही, म्हणजे मीच!

फोनवर घेतलेलं पाच मिनिटांत आजीच्या फोनवर असतं. रोजच्या वापराची माझी व्याख्या एवढीच: घेतलेलं बघितलं गेलं पाहिजे.

आणि फोन येऊन शूटिंग तुटतं म्हणता, तर एअरप्लेन मोड नावाचं एक बटण असतं.

मंदप्रकाश

धागाकर्ते झूमच्या आकड्यावर भाळलेत. त्याच कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, बघितलात का? १/५.८ इंच टाइप. कर्ण ३.१ मिमी, म्हणजे तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबी. ३० पट झूम त्यामुळेच शक्य होतो. सेन्सर जेवढा बारका तेवढी लेन्स लहान ठेवता येते. फुकट काही मिळत नाही, ते सगळं उजेडातून वळतं होतं.

"१ इंची" सेन्सर असतो १३.२ × ८.८ मिमीचा, कर्ण १६ मिमीच्या जवळ. (अवांतर: २५.४ मिमी का नाही, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. हे माप व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या जुन्या काचेच्या नळ्यांवरून आलंय. १ इंच हा नळीचा बाहेरचा व्यास, चित्र पडायची जागा आत त्याहून लहान. नळ्या गेल्या, माप राहिलं.) दोन्ही कर्णांत पाचपट फरक म्हणजे क्षेत्रफळात पंचविसेक पट. आजोबा जेवणानंतर बोलतात म्हणजे रात्री, घरातल्या एका दिव्याखाली. तिथे बारक्या सेन्सरचं चित्र वाळूत घोळून काढल्यासारखं येणार.

वर झूम पूर्ण ताणला की त्या लेन्सचं तोंड एफ/१.८ वरून एफ/४ वर येतं. सव्वादोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे उजेड पाचव्या हिश्श्यावर. नाटकाच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेतून हे करून बघा.

पट्टेवाला

@मंदप्रकाश, रात्रीचं मान्य. नाटकाचं नाही. रंगमंचावर उजेड भरपूर असतो. तिथे घोळ वेगळाच होतो. मागचा पडदा काळा, कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड धरतो, आणि पोरांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे होतात. चेहऱ्यांकडे बघून एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) हाताने खाली आणून ठेवलं की झालं. हे १ इंची सेन्सरलाही चुकत नाही.

@खिशात_मावेल, कपाटातल्या डब्याला दोष का देता? तुम्ही फाइली उतरवल्या नाहीत, हा कॅमेऱ्याचा गुन्हा नव्हे. आणि बऱ्याच डब्यांत एमपी४ चा, म्हणजे साध्या व्हिडिओ फाइलीचा पर्याय असतो, सेटिंगमध्ये गेलात तर.

हातथरथर

८०४ मिमीला हातात धरून शूट करणार? करून बघाच. स्थिरीकरण कितीही असो, श्वास घेतलात तरी चौकट हलते. ट्रायपॉड घेऊन जाणार असाल तर "छोटा" आणि "रोजचा" हे दोन्ही शब्द धाग्याच्या पहिल्या ओळीतून काढा.

माझ्याकडे डीजेआयचा पॉकेट ३ आहे, २०२३ मध्ये आलेला. १ इंची सेन्सर, वजन १७९ ग्रॅम, डोक्याखाली तीन मोटरी. स्क्रीन आडवी फिरवली की चालू. तुमचा उघडला की चालू, माझा फिरवला की चालू, तेव्हा तो मुद्दा बाद. चालता चालता, पोराच्या मागे पळता पळता घेतलेलं चित्र बघण्यासारखं येतं. रोजच्या आयुष्यात माणूस एका जागी उभा राहून कितीसं शूट करतो?

झूम नाही, खरंय. ४के मध्ये १०८० च्या चौपट ठिपके असतात, म्हणून नंतर मधला चौथा हिस्सा कापून घेतो. दुप्पट झूम झाला, दर्जा न घालवता. ४के टीव्हीसाठी नसतं हो, कापण्यासाठी असतं.

गणितमास्तर

पॉकेट ३ ची लेन्स २० मिमीची, दुप्पट झूम म्हणजे २० चे ४० मिमी. तलावाच्या पलीकडची मुलगी त्यात मुंगीएवढी दिसेल. माशीएवढी म्हणू फार तर.

शिवाय गिंबलच्या तीन मोटरी फक्त वळणं सावरतात: डावं-उजवं, वर-खाली बघणं, तिरकं होणं. चालताना सगळा कॅमेराच उचलला जातो आणि खाली येतो, तो हेलकावा कोणतीही मोटर खात नाही. म्हणून गिंबलवाले गुडघे वाकवून बदकासारखे चालतात. हातथरथर, तुम्ही चालत नसाल तर बोला.

हातथरथर

चालतो. आता आपोआपच होतं.

कानसेन

एवढे प्रतिसाद झाले आणि आवाजाबद्दल चकार शब्द नाही.

झूम चित्राला असतो, आवाजाला नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागी आवाज ६ डेसिबलने पडतो. रंगमंच वीस मीटरवर असेल तर तुमच्या चौकटीत मुलीचा चेहरा मोठ्ठा दिसेल आणि ऐकू येईल शेजारच्या बाकावरचा खोकला.

माझ्या स्वतःच्या घरातलं सांगतो. आजीला समोर बसवून अर्धा तास बोलतं केलं. कॅमेरा चांगला होता, चार हातांवर ट्रायपॉडवर. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही की पंखा चालू आहे. कॅमेऱ्यातला मायक्रोफोन आपोआप पातळी लावतो. माणूस बोलतो तेव्हा खाली, गप्प झाला की वर. आजी आठवायला म्हणून थांबली की पंख्याची घरघर हळूहळू भरत येते, ती बोलायला लागली की खाली जाते. तिच्या प्रत्येक विरामात पंखा. तिचं चित्र धूसर असतं तर मी सोसलं असतं. हे सोसवत नाही.

म्हणून माझी एकच अट: ३.५ मिमीचं माइकचं भोक. खालच्या रांगेतल्या बऱ्याच कॅमकॉर्डरना ते नसतंच. धागाकर्त्यांच्या लाडक्याला पण नाही. कॉलरवर टाचायचा साधा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आला की १ इंची सेन्सरपेक्षा जास्त फरक पडतो. मोकळ्यावर त्याला केसाळ टोपी घाला, वाऱ्याची फडफड थांबते.

मंदप्रकाश

@कानसेन, एवढ्यासाठी कॅमेऱ्याला भोक कशाला? जुना फोन आजोबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवा, त्यातच आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर दोन्ही फाइलींत ती टाळी जुळवली की आवाज चित्रावर बसतो.

कानसेन

बसतो, पण टिकेलच असं नाही. खासकरून चित्र दुसऱ्या फोनवर घेतलं असेल तर. बरेच फोन फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं) एकसारखा ठेवत नाहीत, उजेड आणि ताप बघून थोडा इकडेतिकडे करतात. त्या फाइली नीट न वाचणाऱ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ विसाव्या मिनिटाला डब केलेल्या सिनेमासारखे दिसतात. स्वतंत्र कॅमेऱ्याचा वेग ठरलेला असतो, त्यात ही कटकट जवळजवळ नाही. हा एक गुण पट्टेवाल्यांच्या खात्यात टाका, त्यांना स्वतःला सुचलेला दिसत नाही.

पाण्यातली

मुलगी पोहते म्हणताय आणि एकानेही अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही? गोप्रोसारखे कॅमेरे वेगळ्या पेटीशिवाय १० मीटर खोलीपर्यंत चालतात. काठावर बसून ८०४ मिमीने डोकं शोधत बसण्यापेक्षा पाण्यात उतरा. मी उतरते. भाचीचा बुडबुड्यांमधला चेहरा कोणत्याही झूमने मिळणार नाही.

तोटेही सांगते. लेन्स फार रुंद, त्यामुळे जवळून घेतलेलं नाक बटाट्यासारखं येतं. घरातला कमी उजेड सोसत नाही. बंद खोलीत, एका जागी ठेवून, मोठ्या रिझोल्यूशनला लावलात तर तापून बंद पडू शकतो. वारा लागता असेल तर बरा चालतो. आजोबांच्या गोष्टींना अजिबात नको.

जुनी_कॅसेट

सगळे नवे मुद्दे वाचले, मजा आली. आम्ही मिनीडीव्हीवाले. एक कॅसेट म्हणजे ६० मिनिटं, संपली की संपली, म्हणून हात आखडता असायचा. आता सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने ४के चं एका तासाचं शूटिंग ४५ जीबी होतं, आणि लोक दोन-दोन तास शूट करून कधीच बघत नाहीत.

मी पट्टेवाल्यांच्या बाजूचा. पण झूमचं ते बटण बोटाखाली आलं की बोट शिवशिवतं, आत-बाहेर, आत-बाहेर. माझ्या जुन्या कॅसेटा बघताना घरच्यांना गरगरतं. चौकट लावा, बोट काढा, दहा सेकंद काही करू नका.

आणि एक इशारा. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे शूटिंग थांबवल्यावर लिहितात. मध्येच वीज गेली तर सगळं कार्डावर असतं, पण फाइल उघडत नाही. माझी बॅटरी अशीच कार्यक्रमाच्या शेवटी गेली. घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर दुसरं काही शूटही करू नका. भरलेली बॅटरी लावून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला. काही कॅमेरे स्वतः विचारतात, दुरुस्त करू का? माझ्याने विचारलं. "हो" दाबताना अंगठा कापत होता.

खिशात_मावेल

म्हणजे एवढ्या चर्चेनंतर यादी अशी झाली: कॅमकॉर्डर, ट्रायपॉड, कॉलरचा माइक, जादा बॅटरी, जुना फोन, एक टाळी. रोजचा वापर!

पट्टेवाला

टोमणा पोचला.

भाच्याचा गिंबलवाला दोन दिवस मागून आणला. तलावावर अंदाज होता तेच झालं: पाच निळ्या टोप्या, त्यातली आमची कोणती, हे मुलीला स्वतःलाही सांगता येईना. संध्याकाळी घरात मात्र मंदप्रकाश बरोबर ठरले. आजोबांच्या कपाळावरच्या सुरकुत्या, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, सगळं एका दिव्यात आलं. तेवढ्यापुरता माझा डबा हरला.

पण चेहऱ्याचा माग ठेवायची सोय चालू होती. आजोबा पाणी प्यायला डावीकडे वाकले, त्याने डोकं डावीकडे वळवलं. ते सरळ झाले, हेही सरळ. दोन-तीनदा असं झाल्यावर ते गोष्ट सोडून त्याच्याकडेच बघत बसले. "हे माझ्यावर लक्ष का ठेवतंय रे?" त्या दिवशी पुढे काही सांगितलं नाही. ती सोय बंद करता येते, हे मला भाच्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कॅमकॉर्डरच घेतोय. पण आता माइकचं भोक असलेला आणि सेन्सर जरा बरा असलेला, झूम २० पट झाला तरी चालेल. सोनीचा एएक्स५३ बघतोय, १/२.५ इंचाचा. मॉडेल २०१६ चं आहे, त्यावरून बोलणी खाईन.

खिशात_मावेल

फोन समोर ठेवला असता तर आजोबा काही बोललेही नसते.

पट्टेवाला

ठेवून बघितलाय. दर दोन मिनिटांनी विचारतात, कोणाचा आला?