अंगठ्याचे 'मोबिलायझेशन' : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : रुग्णांसाठी फिजिओथेरपीचे माहितीपत्रक मराठीत करतो आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याचे 'मोबिलायझेशन' याला काय म्हणावे? कोशात 'जमवाजमव' सापडते, ते इथे चालणार नाही. 'हालचाल' चालेल का?

प्रतिसाद १ : नको. हालचाल रुग्ण स्वतः करतो. इथे थेरपिस्ट जे करतो ते रुग्णाला आपल्या स्नायूंनी करताच येत नाही : हाडाचे टोक सांध्यात किंचित सरकवणे. एका हाताच्या चिमटीत मनगटाचे छोटे हाड (ट्रॅपेझियम) पक्के धरायचे, दुसऱ्या चिमटीत अंगठ्याच्या मुळाचे लांब हाड, तेही सांध्याच्या अगदी लगत. आधी हलके ओढून दोन्ही हाडांवरचा दाब कमी करायचा, मग सरकवायचे. मी 'सांधा सरकवून मोकळा करणे' लिहीन. 'आखडला', 'मोकळा झाला' हे शब्द रुग्णांच्याच तोंडचे आहेत.

कुठल्या बाजूला सरकवायचे ते सांध्याचा आकार ठरवतो. हा खोगीर-सांधा, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा : हाडाचा तळ एका दिशेत अंतर्गोल, तर आडव्या दिशेत बहिर्गोल. तळहाताच्या पातळीत अंगठा बाजूला ताणला, तर लांब हाडाचा तळ त्या दिशेत अंतर्गोल असल्यामुळे हाडाबरोबरच सरकतो. तळहातापासून पुढे उचलला, तर तोच तळ बहिर्गोल, म्हणून उलटा, हाताच्या पाठीकडे सरकतो. तेव्हा पत्रकात नुसते 'अंगठा बाहेर नेणे' लिहू नका. 'बाजूला ताणणे' आणि 'पुढे उचलणे' वेगळे ठेवा.

प्रश्नकर्ता : आमच्याकडे लोक 'अंगठा बसवून द्या' म्हणतात. तेच वापरले तर?

प्रतिसाद २ : कृपया नको! निखळलेले हाड बसवतात. इथे काही निखळलेले नसते. शिवाय 'बसवणे' म्हटले की झटका आठवतो, आणि मोबिलायझेशन संथ असते, रुग्ण मध्येच थांबवू शकतो. 'चोळणे'ही टाळा. सांधा सुजून गरम असेल किंवा मुळातच सैल असेल तर हे करत नाहीत, ती ओळ ठळक छापा.

'पिंच'ला 'चिमटीत धरणे' म्हणा. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार चिमटीच्या टोकाशी १ किलो जोर लावला, की या सांध्यावर सुमारे १२ किलो भार येतो. बरणीचे झाकण किंवा किल्ली फिरवताना नेमके तिथेच का दुखते, हे रुग्णाला त्यातून कळेल.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असे करतो : 'थेरपिस्ट अंगठ्याच्या मुळाचे हाड हळूहळू सरकवून आखडलेला सांधा मोकळा करतील. दुखल्यास लगेच सांगा.'

प्रतिसाद १ : उत्तम. फक्त 'दुखल्यास'ऐवजी 'दुखणे वाढल्यास' करा. थोडा ताण जाणवणारच.