वसईचा किल्ला, करोनाच्या बंदीनंतर : तुमचे अनुभव लिहा

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोसवाल्यांना लोकलचा पास मिळू लागला आणि पुढच्याच रविवारी, राखीपौर्णिमेला, मी वसई गावात ताईकडे गेलो. भाईंदरची खाडी ओलांडून दीड वर्ष झालं होतं. पुलावर गाडीचा आवाज बदलला, खारा वारा तोंडावर आला आणि माझे डोळे भरले.

दुपारी किल्ल्यात गेलो. गवत कमरेएवढं, भिंतींना शेवाळ, माणूस जवळपास नाही. इतकी वर्षं मी सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापाशी फोटो काढून परत यायचो. या वेळी भूदरवाज्यापासून बंदरदरवाज्यापर्यंत सावकाश चाललो आणि हे शहर होतं हे पहिल्यांदाच पायांना कळलं. वसई तेव्हा बेट होतं. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी इथे होती. ते तिला बासाईं म्हणत. रस्ते, चौक, मठ, सगळ्याचा आराखडा अजून जमिनीवर आहे. छपरं तेवढी गेली.

तुम्ही बंदी उठल्यावर गेला असाल तर जरूर लिहा.

किल्लाबंदरहून
दादा, तुम्ही आलात त्याच दिवशी आमची नारळीपौर्णिमा होती. मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, मग मासेमारीची पावसाळी बंदी. त्याआधी मासळी विकायला मुंबईला जाता येत नव्हतं, तर दारातच बोंबील वाटले. त्या वर्षी दर्याला नारळ दिला तेव्हा बाया रडत होत्या. किल्ला आमच्या रोजच्या वाटेवर आहे, पण तो इतका गप्प असलेला मी पहिल्यांदा पाहिला.

नाशिकहून
आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाला मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७२१ सालची. चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर आलेली. पूर आला की आम्ही विचारतो, "घंटेला पाणी लागलं का?" नोव्हेंबरात मुलीला घेऊन वसईला गेलो. एका चर्चचा मनोरा बघून ती म्हणाली, "बाबा, घंटा कुठाय?" तिथेच दगडावर बसून तिला १७३९ चा वेढा सांगितला. सुरुंगांनी फुटलेला तट सांगितला, आणि तह झाल्यावर पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामान घेऊन जाऊ दिलं तेही सांगितलं. हा शेवटचा भाग तिला फार आवडला, मलाही.

वसईहून, एक कुपारी (इथल्या ख्रिस्ती समाजातली) मुलगी
एप्रिलमध्ये आमचे आजोबा गेले. मातीला वीसच माणसं, त्यात आजी नव्हती, ती स्वतः तापात होती. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियांच्या सणालाही तिला नेता आलं नव्हतं. ७ ऑक्टोबरला देवळं, चर्च उघडली तेव्हा तिने पहिलं नाव किल्ल्याचंच घेतलं. गोन्सालो इथलेच, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांना १८६२ मध्ये संतपद मिळालं. आजीला साल सांगता येत नाही, पण लहानपणापासून ती त्यांना घरातलंच माणूस मानते.

किल्ल्यातल्या गोन्सालोंच्या चर्चमधून ती फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषात गेली. जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले. आजी खाली बसली आणि लाल लुगड्याच्या पदराने एका दगडावरची माती पुसू लागली. मी म्हटलं, "आजी, हे आपले नाहीत." ती म्हणाली, "यांचं कोण येतंय आता?" सगळी ओळ स्वच्छ होईपर्यंत ती उठली नाही. आजोबांसाठी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली ती तिथेच.

विरारहून
आम्ही चौघे शनिवारी बाटल्या नि प्लास्टिक गोळा करतो. निर्बंध उठल्यावर दोन महिन्यांत पूर्वीइतका कचरा परत आला, भिंतींवर नावंही कोरली गेली. ती पुसायला जाऊ नका, दगड आणखी झिजतो. येणाऱ्यांनी पायात बूट घालावेत, गवतात फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. डिसेंबरात गवत वाळलं की जुने रस्ते नीट दिसतात.

धागाकर्ता
कुपारी ताई, तो दगड कुठल्या बाजूला आहे ते आजींना विचारून सांगाल का? पुढच्या शनिवारी मी विरारच्या मंडळींबरोबर जाणार आहे. फडकं आणि पाणी घेऊन जातो.