घरात आजारपण, ऑफिसात ओढाताण: अशा दिवसांत वजन उतरवायची उमेद कुठून आणायची?

अबोली_मुलुंड:
वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो, कंबर ९४ सेंमी. गेल्या आठ महिन्यांत पाच किलो वाढलं. घरी सासूबाईंना अर्धांगवायू झालाय. दिवसा बाई असते, संध्याकाळी आठनंतर आणि रात्री मी. ऑफिस दक्षिण मुंबईत रीगल सिनेमाजवळ, सीएसएमटीला उतरून बस घेते, येतानाही बसच. झोप पाच-साडेपाच तास, तीही तुटक. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. अंडी-मासे चालतात.
काय खावं आणि कोणता व्यायाम करावा याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, तो प्रश्न नाही. जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेले. सुरू करायची आणि टिकवायची उमेद आणायची कुठून, हे कोणी नीट सांगेल का?

कट्टा_प्रदक्षिणा:
ताई, रात्री आठला आजारी माणसाच्या घरात शिरल्यावर उमेद उरत नाही. तिची वाट बघाल तर वर्ष तसंच जाईल, आणि यात तुमचा काडीचाही दोष नाही. म्हणून दिवसातली अशी जागा शोधायची जिथे उमेद लागतच नाही. तुमच्याकडे ती आयती आहे: रीगल ते सीएसएमटी.

संध्याकाळी बसस्टॉपवर उभं न राहता चालायला लागा. महात्मा गांधी रोडने हुतात्मा चौक, तिथून दादाभाई नौरोजी रोडने सरळ स्टेशन. साधारण दोन किलोमीटर, पंचवीस मिनिटं. त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये बसची वाट बघणं धरलं तर घरी पोचायला फार तर दहा मिनिटं उशीर होईल. पाच दिवसांचे १२५ मिनिटं झाले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. उरलेली २५ रविवारी भाजी आणताना होतात. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. पावसाळ्यात डी. एन. रोडच्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून बरंच अंतर कोरडं काढता येतं. फेरीवाल्यांमुळे वेग पडतो, तेवढा पडू दे.

सकाळी मात्र बसनेच जा. मस्टर गाठायच्या घाईत चालणं चार दिवसांत नकोसं होतं, आणि घामेजलेल्या कपड्यांत एसीत बसणं त्याहून नकोसं.

आता हे टिकवायचं कसं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ‘जर-तर’ पद्धतीच्या बेतावर लिहिलं. ‘मी रोज चालेन’ असा नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं जास्त पार पडतं, कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. तुमच्यासाठी दोनच वाक्यं पुरेत. ‘कॉम्प्युटर बंद केला की ड्रॉवरमधले बूट घालीन.’ आणि ‘हुतात्मा चौकात फारच थकल्यासारखं वाटलं तर तिथून बस घेईन.’ कागदावर लिहून कागद बुटात ठेवा.

दुसरं वाक्य गाळू नका. माघारी फिरायची वाट आधीच आखलेली असली की थकलेलं मन निघायला कां-कूं करत नाही. आणि चौकापर्यंत आलात तर अर्धं अंतर झालेलंच असतं.

बूट ऑफिसातच ठेवायचे, घरून आणायचे नाहीत. ज्या दिवशी बूट घरी विसरतात त्या दिवशी चालणं बुडतं, आणि पुढचे तीन दिवसही. चपलेवर चालू नका. पातळ तळव्याच्या चपलेने पंधरा दिवसांत टाच धरते आणि तेच पुढे न चालायचं कारण होतं. पर्स एका खांद्यावर असेल तर डबा आणि बाटली रिकामी करूनच निघा.

फिजिओ_परळ:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पण नुसत्या चालण्यावर भागणार नाही. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, वजन उतरवताना आणखी जातात. शिवाय घरी उठवायला-बसवायला रुग्ण आहे, म्हणजे तुमच्या कंबरेचाही प्रश्न आहे. आठवड्यातून तीन वेळा बारा मिनिटं द्या. मंगळवार, गुरुवार, रविवार धरा.

खुर्चीतून ऊठ-बस: ८ ते १० वेळा. प्लास्टिकची खुर्ची लादीवर सरकते, ती भिंतीला टेकवून ठेवा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, उठताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. उठायला एक सेकंद, बसायला तीन. गुडघा दुखला तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा.

ओट्यावर पुशअप: ८ वेळा. ओटा आधी कोरडा पुसा. तेलकट ग्रॅनाइटवर हात सटकला तर हनुवटीच आपटते. दोन्ही तळवे ओट्याच्या कडेवर, पाय मागे, टाच ते डोकं सरळ रेषेत. कोपरं अंगापासून थोडीच बाहेर. जड गेलं तर पहिले दोन आठवडे भिंतीवर करा.

पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं: १० वेळा, वर दोन सेकंद थांबून. रुग्ण उचलणाऱ्याने हा प्रकार कधीही वगळू नये.

पिशवी ओढणं: कापडी पिशवीत दोन लिटरची भरलेली बाटली, म्हणजे दोन किलो. एक हात टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून पिशवी कंबरेपर्यंत ओढायची. दोन्ही बाजूंनी १०-१०.

हे चार प्रकार सलग झाले की एक फेरी. मिनिटभर थांबून दुसरी. बस. सलग दोन वेळा दोन्ही फेऱ्या सहज झाल्या तर एकच गोष्ट वाढवायची, आकडा किंवा वजन. दोन्ही एकदम नाही.

जिमचे अकरा दिवस का झाले ते बहुतेक इथेच आहे. पहिल्याच दिवशी तासभर केलं की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. त्यात रात्री रुग्णाला कूस बदलून द्यायची, मग शरीर जिमला नाहीच म्हणणार. पहिल्या आठवड्यात संपल्यावर ‘आणखी करता आलं असतं’ असं वाटायला हवं. आणि सासूबाईंना उचलताना गुडघ्यांत वाका, त्यांना अंगाशी घ्या, कंबरेतून पीळ देऊ नका. रुग्णाला सरकवायला खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी ओढणं सगळ्यांत सोपं.

तेलमीठ:
आहार विचारला नाहीत, पण ताणाच्या दिवसांत वजन वाढतं ते बहुतेक तीन फटींतून, आणि त्या बुजवायला फारशी उमेद लागत नाही. म्हणून लिहितेय.

पहिली फट तेल. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी फक्त तेलाच्या. नवा डबा उघडाल तेव्हा झाकणावर तारीख लिहा. तीन लिटरमध्ये महिना काढला की माणशी ६५-७० कॅलरी रोज वाचतात आणि चवीत कोणाला पत्ता लागत नाही. कढईत थेट डब्यातून ओतू नका, चमच्याने घाला. चहाचा चमचा भरून तेल म्हणजे ४५ कॅलरी.

दुसरी, चहा. दिवसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, की ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी झाल्या. एकदम बिनसाखरेवर जाऊ नका, टिकत नाही. या आठवड्यात दोनाचा दीड, पुढच्या पंधरवड्यात एक.

तिसरी सगळ्यांत मोठी: घरी शिरल्यापासून जेवणापर्यंतचा तास. दुपारी एकला डबा खाल्ल्यावर थेट साडेआठ-नऊला जेवण, म्हणजे मधे सात-आठ तास. मग फरसाणाचा डबा उघडतो, पोळी लाटताना तुकडे तोंडात जातात, मुलाच्या ताटातलं उरलेलं ‘वाया कशाला’ म्हणून संपवलं जातं. ही शिस्तीची उणीव नाही, ही भूक आहे. साडेचारला ऑफिसातच ३० ग्रॅम फुटाणे आणि एक फळ खा. ३० ग्रॅम म्हणजे छोटी मूठ, साधारण ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. सोमवारी पाच पुड्या बांधून ड्रॉवरमध्ये टाका. मोठी बरणी ठेवलीत तर मूठ मोठी होते. उरलेलं अन्न जेवायला बसायच्या आधीच डब्यात भरून फ्रीजमध्ये.

प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास गेली तर रात्रीची खा-खा थांबते. दोन अंडी १२, चार पोळ्या १२, वरणाची वाटी ६, फुटाणे ६, वाटीभर दही ५, बांगड्याचे शंभर ग्रॅम तुकडे १९. झाले ६०. मासे नसतील त्या दिवशी ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी, त्यात १५ ग्रॅम मिळतात.

एवढ्याने रोज सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी कमी जातात. किलोभर चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी लागतात, म्हणजे महिन्याला जेमतेम किलो. अशा वर्षात तेवढंच मागा. महिन्याला चार किलोच्या जाहिरातीतला आहार घेतलात तर रात्रपाळीच्या शुश्रूषेत तो तिसऱ्या दिवशी मोडतो. वडापाव बंद करू नका. साधारण ३०० कॅलरी असतात, आठवड्यातून एकदा मनापासून खा, पण जेवणावर नाही, साडेचारच्या खाण्याऐवजी.

रातपाळी_डॉक्टर:
दोन-तीन गोष्टी राहिल्यात. आठ महिन्यांत पाच किलो वाढले आहेत तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि बीपी एकदा बघून घ्या. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंमीच्या वर गेली की धोक्याची खूण मानतात, तुमची ९४ आहे. या वयात पाळीच्या बदलांचाही वजनावर आणि झोपेवर परिणाम होतो, तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड किंवा मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी वजन वाढतं. असं औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पर्याय विचारा. चालताना छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, यांपैकी काही आलं तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचं प्रथिनांचं गणित लावू नका.

झोपेला इथे कोणी हात लावला नाही, आणि खरा अडसर तोच आहे. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठात दहा जणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात सारखंच कमी खाणं देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. भूकही वाढली. त्यामुळे पहाटे पाचला उठून व्यायाम करा, असा सल्ला कोणी दिला तर तो तुमच्यासाठी नाही. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कोणी सासूबाईंकडे बघावं, हे घरात बसून वाटून घ्या. नवरा, दीर, नणंद, किंवा महिन्यातल्या काही रात्रींपुरती रात्रीची बाई. पैसे जिमला जात होते ते इथे लावा. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तो आळस नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अबोली_मुलुंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वाटून घ्यायचं आजच नवऱ्याशी बोलते. आणखी एक विचारायचंय. सासूबाईंना मधूनमधून ॲडमिट करावं लागतं, चार-पाच दिवस हॉस्पिटलातच जातात. तेव्हा सगळं मोडतं आणि मग महिनाभर परत सुरूच होत नाही. आणि काट्यावर वजन वाढलेलं दिसलं की मन खचतं.

कट्टा_प्रदक्षिणा:
त्या दिवसांसाठी वेगळा बेत आत्ताच लिहून ठेवा, तिथे गेल्यावर सुचत नाही. ‘सासूबाईंना जेवण भरवून झालं की वॉर्डाच्या पॅसेजमध्ये दहा मिनिटं.’ एवढाच. गुडघ्यामुळे जिना चढा, उतरताना लिफ्ट घ्या. बाकी सगळ्याला सुट्टी.
लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, कोणाला त्याहून कितीतरी जास्त. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. मोठा खंड पडला तर पहिल्या दिवशी चौकापर्यंतच चाला आणि बस घ्या. बुडालेल्याची भरपाई करायची नाही.

फिजिओ_परळ:
व्यायामातही तेच. खंडानंतर एकच फेरी, आकडे निम्मे. तिसऱ्या वेळेपासून पूर्ववत.

तेलमीठ:
काट्याबद्दल. हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं खारट खाणं, जागरण, पाळीच्या आधीचे दिवस, यांनी अंगात पाणी धरून किलो-दीड किलो सहज वाढतं. ती चरबी नसते. वजन आठवड्यातून एकदाच, बुधवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. सोमवारी नको, रविवारचं जेवण काट्यावर दिसतं. हॉस्पिटलातून आल्यावर पहिला बुधवार काट्यावर उभंच राहू नका. कंबर महिन्यातून एकदा मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप घट्ट न आवळता. शिलाईची जुनी टेप ताणून लांब झालेली असते, एकदा पट्टीवर ताडून बघा.