एनएफ-१ या नसांवर गाठी आणणाऱ्या जनुकीय आजाराची शंका, मूत्राशयाची भिंत जाड: बायोप्सीआधी काय बघावं?

बालरोग_निवासी
७ वर्षांचा मुलगा. लघवीची घाई, धार बारीक, बद्धकोष्ठ. 'इन्फेक्शन' म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं, पण कल्चरमध्ये काहीच उगवलं नव्हतं. सोनोग्राफीत ट्रायगोनपाशी (मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग) भिंत जाड, लघवीनंतर १२० मिली शिल्लक, डाव्या किडनीला थोडी सूज. अंगावर कॉफीच्या रंगाचे ९ डाग, सगळे ५ मिमीहून मोठे. काखेत बारीक ठिपके, म्हणून एनएफ-१ची शंका. उद्या दुर्बिणीतून तुकडा घ्यायचं ठरतंय. घेऊ का? आणि न्यूरोफायब्रोमा (नसेच्या आवरणाची गाठ) निघाला तर पूर्ण काढतात का?

मुलांचा_सर्जन
उद्या नको. बीपी कुठे लिहिलंय? दंडाच्या मापाच्या कफने घ्या. लघवी करताना डोकं दुखतं का, घाम फुटतो का, धडधडतं का, हे आईला विचारा. मूत्राशयाच्या भिंतीत पॅरागँग्लिओमा (बीपी वाढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ) क्वचितच होतो, पण असला आणि बेसावधपणे तुकडा घेतला तर टेबलावरच बीपी भडकतं. शंका असेल तर आधी प्लाझ्मा मेटानेफ्रिन, म्हणजे त्या संप्रेरकांची रक्तचाचणी. रक्त घेण्याआधी मुलाला २०-३० मिनिटं पडून राहू द्या.

मग ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय. प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा (नसांच्या जाळ्यात पसरणारा प्रकार) एमआरआयच्या टी-२ चित्रांवर पांढरा दिसतो, पुष्कळदा मधोमध काळा ठिपका असतो, आणि तो नसांच्या कडेकडेने त्रिकास्थीच्या छिद्रांपर्यंत गेलेला असतो. म्हणूनच पूर्ण काढणं बहुतेकदा जमत नाही. हट्ट धरला तर लघवी-शौचाच्या नसा जातात. किडनी वाचवणं हे पहिलं काम.

बायोप्सी मात्र टाळू नका. एनएफ-१मध्ये ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाचाही (स्नायूंच्या कर्करोगाचाही) धोका जास्त असतो. तुकडा स्नायूपर्यंत खोल हवा. वरवर खरवडलं तर रिपोर्ट 'नॉर्मल अस्तर' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. गाठ नसेची की स्नायूची हे कळायला एस-१००, डेस्मिन, मायोजेनिन ही तिन्ही रंजनं मागा.

कॅथेटर_सिस्टर
(वय + २) × ३० धरलं तर मूत्राशयाची क्षमता २७० मिली, म्हणजे निम्म्याच्या आसपास लघवी आतच राहतेय. ऑक्सिब्युटिनिन (मूत्राशय सैल करणारं औषध) चालू असेल तर सर्जनना आधी सांगा, त्याने शिल्लक आणखी वाढते. सीआयसी (ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढणं) ठरलं तर ८ किंवा १० फ्रेंच मापाची नळी, दिवसा दर ३-४ तासांनी. हात साबणाने धुवायचे, शिश्न वर धरून जेली लावलेली नळी हळू सरकवायची. अडली तर रेटू नका, मुलाला खोकायला सांगा. तरी नाही गेली तर थांबा. धार थांबल्यावर नळी थोडी थोडी मागे घ्या, तळाची लघवी तेव्हा निघते. बद्धकोष्ठ सुटल्याशिवाय यातलं काही नीट चालत नाही.

बालकर्करोग
लक्षणं देणारा आणि काढता न येणारा प्लेक्सिफॉर्म असेल तर सेल्युमेटिनिब हे गाठ आकसवणारं औषध. अमेरिकेत एप्रिल २०२० पासून मान्य आहे. मात्रा २५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दिवसातून दोनदा. कॅप्सूल अख्खी गिळावी लागते, २०२५मध्ये अमेरिकेत दाणेदार रूप मान्य होईपर्यंत लहान मुलांचं तिथेच अडायचं. सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग पहिलं वर्षभर दर ३ महिन्यांनी; डोळे आणि सीपीकेही (स्नायूंना इजा झाली का सांगणारी रक्तचाचणी) बघा. नखांभोवती पू आणि पुरळ येतात, पालकांना आधीच सांगून ठेवा. गाठ आकसते, नाहीशी होत नाही. सतत दुखू लागली किंवा झपाट्याने वाढली तर ती कर्करोगाकडे झुकली का हे बघायला पेट स्कॅन.

बालरोग_निवासी
बीपी १२४/८२, तीनदा घेतलं. सिस्टोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) थांबवली, मेटानेफ्रिन पाठवलं.

मुलांचा_सर्जन
पायाचंही बीपी घ्या आणि किडनीच्या धमन्यांचा डॉप्लर करा; एनएफ-१मध्ये त्या कधीकधी अरुंद असतात, महाधमनीसुद्धा. मेटानेफ्रिन वाढलेलं आलं तर शस्त्रक्रियेआधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) ७ ते १४ दिवस. त्याआधी बीटा ब्लॉकरला (हृदयाची गती कमी करणारं औषध) हात लावू नका.