हायलक्सला मोठी डिझेल टाकी बसवायची आहे, कोणती घ्यावी?

कातळावरचा (गुहागर)

मंडळी, गाडी टोयोटा हायलक्स, कंपनीची टाकी ८० लिटरची. आमच्या बागा एका जागी नाहीत. थोडी आंब्याची कलमं घराला लागून, थोडी वेळणेश्वरच्या वरच्या कातळावर आणि काजू पार आबलोलीच्या बाजूला. मोहोर आला की फवारणीची धावपळ. कातळावरच्या वाटा अशा की गाडी फोर-लोवर (चारही चाकांना जोर, वेग कमी) टाकून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवायची. हमरस्त्याला बाराचं ॲव्हरेज देणारी गाडी तिथे सहा-सातावर येते. सीझनच्या सुरुवातीचा माल मी स्वतःच वाशीला नेतो, कारण पहिल्या मालाच्या भावाच्या वेळी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघत बसणं मला जमत नाही. शिवाय पॅकिंगच्या शेडमधला जनरेटर डिझेलवर, आणि पावसाळ्यात आमच्याकडची लाईट म्हणजे पाहुणी. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हापासून घरात डिझेल शिल्लक असावं हे डोक्यात पक्कं बसलंय. पुढेमागे मित्रांबरोबर लडाखही करायचंय.

ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. तिकडे याच गाडीला कंपनीची टाकी काढून सव्वाशे-दीडशे लिटरची बसवतात. म्हणजे पर्याय एक, तिकडून मागवायची. पर्याय दोन, इथला एक फॅब्रिकेटर म्हणतो की केबिनच्या मागे हौद्यात १०० लिटरची जीआय पत्र्याची टाकी करून देतो, तळातून पाईप काढून मूळ टाकीला जोडतो, "डिझेल आपोआप उतरेल." पर्याय तीन, कॅन. पण कॅन घेऊन फिरलं की बायको म्हणते गाडीला रॉकेलच्या दुकानाचा वास येतो.

अनुभव असलेल्यांनीच सांगा. "गरज काय" विचारणारे येणारच, त्यांनाही नमस्कार.

बांद्याचा बाबू

आमच्याकडे मोठ्या टाकीचं कारण एकच, गोवा. सीमेवरची पत्रादेवी ओलांडायची, फुल्ल करायची, परत यायचं. पण दादा, खरा फरक पेट्रोलमध्ये आहे, डिझेलमध्ये थोडाच. लिटरमागे चार रुपये धरा. ८० च्या जागी १४० ची टाकी बसवली तर प्रत्येक भरण्याला ६० लिटर जादा, म्हणजे २४० रुपये वाचले. टाकी, जहाजाचं भाडं, कस्टम, फिटिंग मिळून एक लाख धरलं तर ते वसूल व्हायला चारशेच्या वर वेळा गोव्याला जावं लागेल. तेवढ्या वेळा गोव्याला गेल्यावर खर्च कशावर होईल ते मी इथे लिहीत नाही. आणि गुहागरहून तर तो प्रश्नच नाही, जाऊन येण्यातच अर्धी टाकी संपेल.

पत्रेवाला (मिरजोळे एमआयडीसी)

कातळावरचे, आधी तुमचा पर्याय दोन. तो फॅब्रिकेटर जीआय म्हणाला असेल तर तिथून गाडी वळवा. जीआय म्हणजे लोखंडावर जस्त. डिझेलमध्ये थोडी आम्लं असतात, ती जस्ताशी लागली की साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो डिझेलबरोबर फिल्टरकडे, पुढे इंजेक्टरकडे जातो. जुन्या इंजिनांनी हे पचवलं असतं. तुमच्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल. दाब दोन हजार बारच्या घरातला, आणि त्या पंपाला वंगणही डिझेलचंच. तिथे घाण किंवा हवा गेली की बिल बघून माणूस खाली बसतो. तांब्याचा पाईप, पितळेचे जोड हेही नकोत, तांब्याने डिझेल लवकर खराब होतं. पाण्याच्या टाक्या करणारा माणूस डिझेलची टाकी करतो तेव्हा नेमकं हेच सगळं लावतो, कारण त्याच्या दुकानात तेच पडलेलं असतं.

मी डिझेलच्या टाक्या करतो, बहुतेक बोटींच्या, म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या टाक्या दोन जातींच्या. एक ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या, दुसऱ्या जाड पॉलिमरच्या, साच्यात फिरवून केलेल्या. किनाऱ्यावरच्या माणसाने पॉलिमरची बघावी, खारं वारं तिला काही करत नाही. स्टीलची टाकी वाईट नाही, पण ती गंजते कुठून? उघड्या अंगावरून नाही. पट्टा आवळलाय तिथून. पट्टा आणि टाकीच्या मध्ये तांबडी माती बसते, ती खारं पाणी धरून ठेवते आणि आतल्या आत खात जाते. वरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबलं की बोट आत. ३०४ स्टेनलेसलासुद्धा अशा फटीत ठिपके पडतात. समुद्राजवळ ३१६ म्हणतात ते यासाठी.

आता "आपोआप उतरेल" याबद्दल. उतरेल ना. वरच्या टाकीतून खालच्या टाकीत, खालची भरली की तिच्या ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) रस्त्यावर. मध्ये हाताने बंद करायचा कॉक हवा, नाहीतर छोटा पंप आणि डॅशबोर्डवर बटण. कॉक उघडा राहिला आणि गाडी उतारावर लावली की सकाळी अंगणात डिझेलचं तळं. काट्याचं काय हाही प्रश्न आहे. कंपनीचा काटा फक्त मूळ टाकीचा, वरच्या टाकीत किती आहे ते काठी घालून बघायचं.

आणि पडदे. टाकीच्या आत भोकं असलेले आडवे पत्रे लागतात. १०० लिटर डिझेल म्हणजे ८३ किलो. कुंभार्ली घाट उतरताना प्रत्येक वळणाला ते ८३ किलो एका बाजूला धडकतं, दर धडकेला वेल्डिंगवर ताण. पडदे नसलेली चौकोनी पेटी कोपऱ्यातूनच फुटते. फॅब्रिकेटरला विचारा, आत पडदे किती देणार. तो "कशाला?" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

कॅलिफोर्नियाचं की कुठलं सर्टिफिकेट दाखवणारेही भेटतील. त्यापेक्षा टाकीत पाच पीएसआयपेक्षा कमी हवा भरून साबणाचं पाणी लावून दाखव म्हणा, तुमच्यासमोर.

सर्व्हेअर काका

मी विम्याच्या दाव्यांची कामं करायचो, आता निवृत्त. दोन गोष्टी.

पहिली, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांत फरक पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. आरसीवर टाकी किती लिटरची हे छापलेलं नसतं, म्हणून लोक म्हणतात चालतं. पण रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर असतं, आणि गाडीला मंजुरी मिळाली ती कंपनीच्या टाकीसकट. एरवी रस्त्यात तुम्हाला कोणी विचारणार नाही. गाडीला आग लागली की मात्र माझ्यासारखा माणूस येतो आणि तो आधी चेसीखाली वाकतो. हौद्यात न वेल्ड केलेली, सामान म्हणून बांधलेली टाकी आणि इंधनाच्या लाईनला जोडलेली टाकी यांत मी तरी फार मोठा फरक करत असे. बदल करायचाच असेल तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर फाईलला लावा. फोनवरचं "हो सर, चालेल" कामाचं नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची. घरात डिझेल ठेवायला लोक उगाच घाबरतात. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेल ब वर्गात येतं. एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरच्या वर नसेल, तर परवाना लागत नाही. पेट्रोलचं तसं नाही, ते ३० लिटरच्या वर ठेवलंत तर अडचण. तेव्हा जनरेटरसाठी शेडजवळ २०० लिटरचं एक बॅरल कायद्यात बसतं. जनरेटरपासून लांब, सावलीत, पक्क्या जमिनीवर. ही बाब टाकीच्या प्रश्नातून वेगळी काढा, मग उरतं किती ते बघा.

तांडेल (मालवण)

माका गाडयेतला फारसा कळना नाय, पण डिझेलाच्या टाकयेत हयात गेली. पत्रेवाल्यान सगळा बरोबर सांगल्यान, एक रवला. पाणी.

खयचीय टाकी घे, पाणी येतलाच. टाकी अर्धी ठेवलंस काय रात्री गार होता, भायली दमट हवा आत ओढता, ती पत्र्याक लागान घामता. डिझेल हलक्या, पाणी जड, ता तळाक बसता. पाणी आनी डिझेल जय भेटतत थय काळो शेवाळासारखो गाळ धरता, तो फिल्टरात. मासेमारीच्या बंदीच्या दिवसांत आमी टाकी एकतर गच्च भरून ठेवतव, नायतर पुरी रिकामी करतव. तुझी दीडशे लिटराची टाकी आठवडोभर अर्धी फिरतली, पावसात. तेचापेक्षा ल्हान टाकी भरलेली बरी.

टाकयेच्या तळाक बुच हवो. बुच नाय ती टाकी फुकट दिल्यान तरी घेव नको. पाणी वेगळा करणारो फिल्टर हवो, आनी तेच्या तळातला पाणी मधून मधून सोडूक होया.

बायकोक सांग, वास कॅनाचो नाय, झाकणाच्या रबराचो. रबर बदल.

कातळावरचा (गुहागर)

सगळ्यांचे आभार. जीआय वाल्याला आज दुपारी फोन केला. पडदे किती, असं विचारलं. तो म्हणाला, "पडदे? हौद्याला ताडपत्री देतो की!" विषय तिथेच संपला.

आता ऑस्ट्रेलियाचीच उरते. पत्रेवाले, तुम्ही असता तर मागवली असती का? आणि लडाखचं काय, तिथे पंपच नाहीत म्हणतात.

उंटावरचा शहाणा (पुणे, मूळ दापोली)

लडाखचं मी सांगतो. केलाँगच्या अलीकडे तांडीला एक पंप आहे. त्याच्यावर बोर्ड होता, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लोक त्या बोर्डासमोर उभे राहून फोटो काढतात. मनाली-लेह रस्त्यावरचं सगळ्यात लांब अंतर ते. चढ, सामान, विरळ हवा सगळं धरून गाडीने आठचं ॲव्हरेज दिलं तरी ४६ लिटर. तुमच्या ८० मध्ये ३४ उरतात. पँगाँग, नुब्रा फिरणार असाल तर लेहला फुल्ल करून वीसचा एक कॅन घ्या.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी. कॅनिंग स्टॉक रूट नावाची त्यांची वाळवंटातली वाट १८५० किलोमीटर, मध्ये डिझेल मिळण्याचं ठिकाण जवळजवळ एकच. सगळी वाळू, म्हणजे ॲव्हरेज निम्म्यावर. त्यांच्या टाक्या त्या वाटांसाठी झाल्यात. गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटर. आमच्या आजोळच्या रस्त्यावरसुद्धा दाभोळची जंगलजेटी (गाड्या नेणारी बोट) सुटली तर फार तर तासभर वाट बघावी लागते, डिझेल संपत नाही.

पत्रेवाला (मिरजोळे एमआयडीसी)

मी मागवली नसती. टाकी चांगली असते, त्याबद्दल नाही. तिकडच्या हायलक्सला ती नटबोल्टात बसते, पण आपल्या गाडीची सायलेन्सर आणि डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) मांडणी खाली तशीच आहे का, हे चेसीखाली आडवं झाल्याशिवाय सांगता येणार नाही. टाकी बंदरात येऊन पडल्यावर दोन इंच आडवं येतंय असं कळलं तर मग ती मासे वाळवायला.

शिवाय मोठी टाकी खाली लोंबते. तुमच्या कातळावर आधीच दगड लागत असणार. कंपनीची टाकी ज्या उंचीवर आहे ती तशीच राहू द्या. वजनाचाही हिशोब करा. ६० लिटर जादा डिझेल ५० किलो, वर स्टीलच्या टाकीचं स्वतःचं वजन, म्हणजे वाशीला जाताना आंब्याचे तीन-चार क्रेट कमी. पहिल्या पेट्यांच्या भावात तीन-चार क्रेट म्हणजे किती, ते तुम्हालाच ठाऊक.

फवारणीच्या पंपासाठी तर मोठी टाकी निरुपयोगीच. पंप बागेत वर, गाडी वाटेवर खाली. टाकीतून डिझेल काढून कॅनमध्येच भरणार ना? मग आधीच कॅनमध्ये असलेलं काय वाईट? वीस लिटरचे लोखंडी जेरीकॅन दोन घ्या, उभे राहतील असा स्टँड हौद्यात केबिनला चिकटून. स्टँड मी करून देईन, चेसीला नाही, हौद्याच्या मूळ हुकांनाच बोल्ट, म्हणजे काकांच्या कलम ५२ ची भानगड नाही. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. डिझेल उन्हाने फुगतं, हौद्यात दुपारी वीस अंशांचा फरक सहज पडतो, वीस लिटरला तीनशे मिली जागा रिकामी लागते. त्या जागेअभावीच ते झाकणातून पाझरतं आणि वहिनींना वास येतो.

कातळावरचा (गुहागर)

ठरलं. शेडजवळ बॅरल, गाडीत दोन कॅन. टाकीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून मागचे पाटे बघून घेतो, ते भरल्या गाडीला बसतायत. पत्रेवाले, शनिवारी रत्नागिरीला येतोय, स्टँडचं माप घ्यायला गाडीच आणू का नुसते फोटो चालतील?

आणि बॅरलचं डिझेल किती दिवस टिकतं?

पत्रेवाला (मिरजोळे एमआयडीसी)

गाडीच आणा, हुक प्रत्येक गाडीला दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असतात. हौदा धुऊन आणा, गेल्या वेळी एकाने शेणखतासकट आणली होती.

बॅरल सावलीत आणि बूच घट्ट असेल तर सहा महिने निर्धास्त. पण साठवून विसरू नका. जुनं गाडीत ओता, नवीन बॅरलमध्ये भरा. बॅरल थोडं तिरकं ठेवा, बूच वरच्या बाजूला येईल असं, नाहीतर पावसाचं पाणी वरच्या कडीत साचून बुचातून आत उतरतं. काढायला हातपंप घ्या आणि त्याची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा. तांडेल सांगतात ते पाणी त्या चार बोटांत राहतं.